कानाच्या नळीतली रक्तवाहिन्यांची साधी गाठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कान दाखवायला गेलात आणि डॉक्टर म्हणाले, "आत लालसर गाठ दिसतेय, स्कॅन करून घ्या." त्यानंतर मनात जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. हा आजार दुर्मिळ आहे, त्यामुळे शेजारीपाजारी कोणाला झाल्याचं ऐकलेलं नसतं आणि भीती जास्त वाटते. पुढचं सगळं सावकाश वाचा, पण एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा : स्कॅन होऊन ती गाठ नेमकी कुठून आली हे कळेपर्यंत तिला कोणालाही चिमटा लावू देऊ नका.

ही गाठ कॅन्सरची असते का?

रक्तवाहिन्यांपासून कानाच्या नळीत होणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात. त्या शरीरात दुसरीकडे पसरत नाहीत. पण साधी आहे म्हणून दुर्लक्ष करून चालेल, असा त्याचा अर्थ नाही. नळी एवढी अरुंद आहे की वाटाण्याहून लहान गाठसुद्धा ती बंद करू शकते. शिवाय लाल दिसणारी प्रत्येक गोष्ट रक्तवाहिनीचीच असते असं नाही. नळीच्या त्वचेचा कॅन्सर सुरुवातीला अगदी जुनाट कानफुटीसारखा दिसतो आणि त्यात महिनोन्महिने वाया जातात. म्हणून "साधी आहे" हा निष्कर्ष नुसत्या नजरेने काढायचा नाही. तो स्कॅन आणि पॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याच्या, रिपोर्टवरून काढायचा.

एवढ्याशा जागेत रक्तवाहिन्यांची गाठ होतेच कशी?

मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण २.५ सेंटिमीटर लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कुर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश हाडाचा. बाहेरच्या भागात केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आहेत, त्वचाही जाडसर आहे. आत गेलं की त्वचा एकदम पातळ होते आणि हाडाला घट्ट चिकटलेली असते. तिथे कापसाची काडी लागली तरी कळवळायला होतं ते यामुळेच. नळीच्या मागच्या-वरच्या भिंतीवरून रक्तवाहिन्यांचा एक पट्टा खाली कानाच्या पडद्यापर्यंत उतरतो. प्रौढांमध्ये दिसणारे हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठी, बऱ्याचदा याच मागच्या-वरच्या भिंतीवर आणि पडद्याच्या मागच्या भागात सापडतात. ते का होतात याचं कारण बहुतेकांमध्ये सापडत नाही. इअरफोन, मोबाइल किंवा पोहण्यामुळे हेमँजिओमा होतो असं मानायला आधार नाही. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून ही गाठ आली, हा विचार मनातून काढून टाका.

याचे प्रकार किती?

बरेच आहेत, आणि उपचार प्रकारावर ठरतो म्हणून ते थोडे समजून घेणं उपयोगाचं आहे.

प्रौढांमधला हेमँजिओमा हा त्यातला मुख्य. पॅथॉलॉजीचे डॉक्टर त्याचे दोन प्रकार सांगतात : केशवाहिन्यांचा म्हणजे कॅपिलरी, आणि स्पंजासारख्या मोठ्या पोकळ्यांचा म्हणजे कॅव्हर्नस. नळी आणि पडद्यावरच्या अशा गाठींचे जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत आलेले अहवाल फार तर काही डझन आहेत. त्यात मध्यमवयीन पुरुष जास्त दिसतात. रक्तवाहिन्यांच्या विकृतींचं वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीप्रमाणे मोठ्या माणसातल्या कॅव्हर्नस प्रकाराला आता 'व्हीनस मालफॉर्मेशन' म्हणतात. त्यामुळे एका रिपोर्टवर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरं दिसलं तर दोन आजार झाले असं समजू नका.

पायोजेनिक ग्रॅन्युलोमा ही भराभर, काही आठवड्यांत वाढणारी, हात लागताच भळभळ वाहणारी लहान लाल गाठ. कान कोरताना झालेली जखम किंवा गरोदरपणातले हार्मोनचे बदल तिच्या मागे असू शकतात.

कानाच्या पाळीभोवती आणि नळीच्या तोंडाशी खाजणाऱ्या, लालसर-तपकिरी, अधूनमधून रक्त येणाऱ्या पुटकुळ्या उठल्या तर एंजिओलिम्फॉइड हायपरप्लेझिया हा आजार मनात आणावा लागतो. तो वर्षानुवर्षं चालतो आणि काढल्यावरही बऱ्याच जणांना परत होतो. त्याच्यासारखाच दिसणारा किमुरा आजार वेगळा. तो आशियाई पुरुषांमध्ये जास्त होतो, त्यात गाठी खोल असतात, आसपासच्या लसिकाग्रंथी सुजतात आणि रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) व आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रथिन) वाढलेले सापडतात. एका साध्या रक्ततपासणीने इथे दिशा मिळू शकते.

आणि मग पडद्याच्या मागून, मधल्या कानातून नळीत डोकावणारा पॅरागँग्लिओमा. तो मुळात नळीचा नसतो, पण नळीतून तोच दिसतो. त्याच्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

लक्षणं कोणती?

कान भरल्यासारखा वाटणं, त्या बाजूने कमी ऐकू येणं, नाडीच्या तालावर कानात ठोके पडणं, कधी उशीवर रक्ताचा डाग. बऱ्याच जणांना काहीच नसतं, मळ काढायला गेल्यावर गाठ अचानक सापडते. दुखणं सहसा नसतं. दुखत असेल, विशेषतः मधुमेही माणसाचा कान रात्री झोपू देणार नाही इतका दुखत असेल, तर डॉक्टर आधी हाडापर्यंत पोचणारा जंतुसंसर्ग शोधतील. ते बरोबरच आहे.

चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, आवाज बसणं, गिळताना ठसका लागणं, मानेत गाठ येणं यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. ही लक्षणं नळीतल्या साध्या हेमँजिओमाची नाहीत. आजार कवटीच्या तळाकडच्या नसांपर्यंत गेल्याची ती खूण असू शकते.

कानात ठोके ऐकू येतात. म्हणजे गाठच असेल ना?

नाही. मनगटावर बोटं ठेवून पाहा. कानातला आवाज नाडीशी जुळतो का? जुळत असेल तर तो रक्तप्रवाहाशी संबंधित आहे एवढंच कळलं. रक्तदाब, ॲनिमिया, थायरॉइडचा जोर, गरोदरपण, मानेतल्या धमनीचं अरुंद होणं, मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढणं, यातल्या कशानेही असे ठोके पडू शकतात. पण एकाच कानात, सतत, नाडीच्या तालावर ठोके पडत असतील तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. त्याचा तपास झालाच पाहिजे. दुर्बिणीने पडदा पाहणं ही पहिली पायरी. तिथे काही दिसलं नाही तरी स्कॅनची गरज पडू शकते.

तीन महिने कानात थेंब टाकतोय, पण फरक नाही. आता म्हणतात गाठ आहे. आधी कसं कळलं नाही?

आपल्याकडे कान वाहण्याचं प्रमाण मोठं आहे. पडद्याला जुनं भोक आणि त्यातून आलेला लाल मांसल पॉलिप हे कान-नाक-घसा विभागात नेहमीचं दृश्य. त्यामुळे नळीत लाल काही दिसलं की पहिला विचार पॉलिपचा येतो आणि थेंब सुरू होतात. त्यात गैर काही नाही, कारण बहुतेक वेळा तो अंदाज खरा ठरतो. पण तीन-चार आठवड्यांचे उपचार पूर्ण करूनही गाठ तशीच असेल, पू नसताना नुसतं रक्त येत असेल, किंवा गाठीला नाडीसारखी धडधड असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हा पॉलिपच आहे याची खात्री कशी करायची?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. आणि पॉलिप म्हणून काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. तो फेकून देण्याची पद्धत बंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मग लगेच तुकडा काढून तपासत का नाहीत? दुसऱ्या गाठींना तर आधी बायोप्सी करतात.

स्तनातली किंवा तोंडातली गाठ असेल तर बायोप्सी आधी, हा क्रम योग्य आहे. कानातल्या लाल, धडधडणाऱ्या गाठीसाठी तो क्रम धोक्याचा आहे. कारण पडद्याच्या पलीकडे काही मिलिमीटरवर शरीरातल्या दोन मोठ्या वाहिन्या आहेत. मेंदूला रक्त पुरवणारी आतली कॅरोटिड धमनी मधल्या कानाच्या पुढच्या बाजूने जाते आणि मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या जुग्युलर शिरेचा फुगवटा त्याच्या तळाशी असतो. काही माणसांमध्ये जन्मतःच धमनीची वाट बदललेली असते किंवा शिरेचा फुगवटा वर चढलेला असतो आणि त्यांच्यावरचं हाडाचं आवरण नसतं. मग पडद्यामागे लालसर किंवा निळसर काहीतरी दिसतं. ती गाठ नसतेच, ती निरोगी मुख्य वाहिनी असते. तिच्यात सुई किंवा चिमटा गेला तर होणारा रक्तस्राव बाह्यरुग्ण विभागात आवरणारा नसतो, आणि धमनीला इजा झाली तर पक्षाघात होऊ शकतो.

पॅरागँग्लिओमाही भरपूर रक्तपुरवठा असलेला. त्याचाही तुकडा दवाखान्यात काढत नाहीत.

म्हणून आधी स्कॅन, मग निर्णय. स्कॅनमध्ये गाठ फक्त नळीत आहे, मागे काही नाही, हे दिसलं की बऱ्याचदा स्वतंत्र बायोप्सीची गरजच राहत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण गाठ काढून तीच तपासणीला पाठवतात. निदान आणि उपचार एकाच वेळी होतात.

तपासणीत नक्की काय काय करतात?

मायक्रोस्कोप किंवा एंडोस्कोपने कान पाहतात. हवेचा हलका दाब देऊन पडदा हलवला की मागची लाली फिकी पडते का, हेही पाहतात. पॅरागँग्लिओमात ती तशी पडू शकते. मग ट्यूनिंग फोर्क आणि ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. नळी बंद झाल्याने कमी ऐकू येत असेल तर दोष ध्वनी आत पोचण्यातला असतो, नस ठीक असते. अशी श्रवणशक्ती गाठ काढल्यावर बहुतेकदा सुधारते. ऑपरेशनच्या आधीचा हा आलेख जपून ठेवा.

सीटी आणि एमआरआय दोन्ही कशासाठी? एकात भागत नाही का?

दोन्ही वेगळी माहिती देतात. टेम्पोरल बोनच्या, म्हणजे कानाभोवतीच्या कवटीच्या हाडाच्या, सीटीत हाड बारकाईने दिसतं : नळीची भिंत शाबूत आहे का, ऐकण्याची तीन हाडं जागेवर आहेत का, धमनी आणि शिरेवरचं हाडाचं आवरण आहे का. नळीतला हेमँजिओमा सहसा हाड कुरतडत नाही. कुरतडलेलं दिसलं तर यादीतले बाकीचे आजार, कॅन्सर धरून, वर येतात. एमआरआयमध्ये गाठीचा स्वभाव कळतो. हेमँजिओमा टी-२ नावाच्या प्रकारच्या चित्रांत पांढरा चमकतो आणि कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करण्यासाठी शिरेतून टोचायचं औषध) दिल्यावर उजळतो. मोठ्या पॅरागँग्लिओमात वेगाने वाहणाऱ्या रक्ताचे काळे ठिपके दिसतात. लहान, स्पष्ट गाठीला नुसत्या सीटीवरही काम होऊ शकतं. ते तुमचे सर्जन ठरवतील. कॉन्ट्रास्ट द्यायचा असेल तर मूत्रपिंडाचं काम पाहणारी क्रिएटिनिनची तपासणी आधी होईल. पेसमेकर किंवा शरीरात धातूचं काही बसवलेलं असेल तर एमआरआयच्या आधी सांगा.

रिपोर्टमध्ये 'ग्लोमस' लिहिलंय. हे काय?

इथे दोन निरनिराळे आजार एकाच नावाने फिरतात, आणि कोणता आहे ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

पहिला, त्वचेतल्या तापमान सांभाळणाऱ्या सूक्ष्म ग्लोमस रचनेपासून झालेली गाठ. ती बहुतेक वेळा बोटाच्या नखाखाली होते, अतिशय दुखते, थंडीने जास्तच. कानाच्या नळीत ती अगदी क्वचित.

दुसरा, ज्याला कान-नाक-घसा विभागात सवयीने ग्लोमस म्हणतात, तो पॅरागँग्लिओमा. नसांच्या कडेने असलेल्या विशिष्ट पेशींपासून तो होतो. या पेशींचं वर्णन १९४१ मध्ये गिल्ड यांनी केलं आणि त्यापासून झालेली कानातली गाठ १९४५ मध्ये रोझेनवासर यांनी नोंदवली. मधल्या कानापुरता असेल तर टिम्पॅनिकम, जुग्युलर शिरेपासून असेल तर जुग्युलरे. तो स्त्रियांमध्ये जास्त आढळतो आणि फार हळू वाढतो.

पॅरागँग्लिओमा ठरला तर दोन गोष्टी जास्तीच्या येतात. काही गाठी ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्यं रक्तात सोडतात. एकदम घाम, धडधड, रक्तदाबाची उसळी असा त्रास होत असेल तर आवर्जून सांगा. भूल देण्याआधी मेटानेफ्रिनची, म्हणजे या द्रव्यांपासून शरीरात बनणाऱ्या घटकांची, तपासणी करून घ्यावी लागते. दुसरं, हा आजार बऱ्याच जणांमध्ये आनुवंशिक असतो, विशेषतः एसडीएच गटातल्या जनुकांतल्या बदलांमुळे. घरात आणखी कोणाला मानेत किंवा मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत अशी गाठ झाली होती का, हे आई-वडील, काका-आत्या, मामा-मावशी सगळ्यांना विचारून जा.

गाठ काढलीच पाहिजे का?

त्रास होत नसेल, गाठ लहान असेल, चित्र स्पष्ट असेल, तर दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पाहत राहणं हाही योग्य मार्ग आहे, विशेषतः वृद्ध माणसात किंवा हृदयविकारामुळे रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना. रक्त येत असेल, ऐकू कमी येत असेल, गाठीमागे मळ आणि मृत त्वचा साचून वारंवार संसर्ग होत असेल किंवा निदानाबद्दल शंका असेल, तर काढावी.

ऑपरेशन कसं असतं?

नळीपुरती गाठ असेल तर बहुतेकदा नळीतूनच, मायक्रोस्कोप किंवा एंडोस्कोपने काढतात. बाहेरून चीर लागत नाही. नळी फार अरुंद किंवा गाठ मोठी असेल तर कानामागून चीर घेतात. ॲड्रिनॅलिन मिसळलेलं लोकल भुलीचं औषध टोचल्याने रक्त कमी येतं. गाठीभोवतीची थोडी निरोगी त्वचाही सोबत घेऊन ती अखंड काढण्याकडे कल असतो. तुकड्या-तुकड्याने ओढली तर रक्त जास्त येतं आणि काही भाग मागे राहतो. तळाशी येणारं रक्त बायपोलर कॉटरीने, म्हणजे विजेच्या चिमट्याने, बंद करतात.

पडद्यावर गाठ असेल तर पडद्याचा तेवढा भाग काढून कानपट्टीच्या स्नायूवरचं आवरण किंवा पुढच्या छोट्या कुर्चेचा तुकडा लावून पडदा नवा करतात. नळीचं हाड उघडं पडलं तर पातळ त्वचा लावावी लागते, नाहीतर भरताना नळी आक्रसते. मला विचाराल तर या ऑपरेशनमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. गाठ काढून नळी बंद झाली तर रुग्णाने कमावलं काय?

पडद्याजवळ काम असेल तर चवीची एक बारीक नस ताणली जाऊ शकते आणि जिभेच्या त्या बाजूला काही आठवडे धातूची चव येते. बहुतेकांची ती जाते. नंतर दोन-तीन आठवडे कानात विरघळणारं पॅकिंग असतं, तेव्हा ऐकू कमी येतं. घाबरू नका. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवा. पडदा बदलला असेल तर नाक जोरात शिंकरू नका आणि विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी अँजिओग्राफी करून रक्तपुरवठा बंद करतात ना?

नळीतल्या लहान हेमँजिओमाला त्याची गरज नसते. मोठ्या पॅरागँग्लिओमात ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गाठीकडे जाणाऱ्या धमन्या बंद करतात. त्या प्रक्रियेलाही धोके आहेत, म्हणून ती अनुभवी केंद्रातच करावी.

लेझरने किंवा गोळ्यांनी होत नाही का?

रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जाणारा केटीपी लेझर काही सर्जन वापरतात. लहान गाठीला तो चांगला, पण नुसती जाळून टाकलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवता येत नाही. मोठ्या माणसाच्या हेमँजिओमावर खात्रीची गोळी नाही. लहान बाळांचं मात्र वेगळं आहे.

आमच्या दोन महिन्यांच्या बाळाच्या कानाला लाल चट्टा आहे, नळी बंद होत चालली आहे.

बाळांचा हेमँजिओमा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागतो, पहिले काही महिने वेगाने वाढतो आणि वर्षाच्या आसपासपासून हळूहळू ओसरू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली ग्लट-१ या खुणेवरून तो ओळखता येतो, प्रौढांच्या गाठीत ही खूण नसते. पूर्वी स्टिरॉइड द्यायचे. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल या हृदयाच्या औषधाने हे हेमँजिओमा विरतात असं दाखवलं आणि उपचार बदलून गेला. औषध बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सहसा निदान सहा महिने. दूध पाजल्यावरच द्यायचं. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, कारण रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. दमा असलेल्या बाळाला हे औषध चालत नाही. चट्टा चेहऱ्याच्या मोठ्या भागावर पसरला असेल तर आधी हृदय आणि मेंदूच्या वाहिन्यांची तपासणी हवी.

"मोठं झालं की जाईल" हे पाठीवरच्या चट्ट्याला ठीक आहे. नळी बंद करणाऱ्या चट्ट्याला नाही. भाषा शिकण्याच्या वयात कान बंद राहता कामा नये.

गरोदर आहे आणि कानातून रक्त येतंय.

पायोजेनिक ग्रॅन्युलोमा असेल तर बाळंतपणानंतर तो बऱ्याचदा आपोआप आकसतो. रक्त थांबत असेल तर वाट पाहता येते.

अचानक जास्त रक्त आलं तर?

बसून राहा, डोकं वर ठेवा. स्वच्छ कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी हलका धरा, आत खुपसू नका. थेंब, तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड काहीही ओतू नका. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यातलं रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर त्याची पट्टी सोबत घेऊन रुग्णालयात जा. ती औषधं मनाने बंद मात्र करू नका.

लसणाचं तेल कोमट करून घातलं तर?

नको. गाठ विरघळत नाही, नाजूक त्वचा भाजते आणि डॉक्टरांना आतलं चित्र दिसेनासं होतं. कान कोरणंही पूर्ण थांबवा. त्या कानात इअरफोन आणि श्रवणयंत्राचा साचा काही काळ वापरू नका.

पुन्हा होते का?

पूर्ण काढलेला नळीतला हेमँजिओमा परत येणं क्वचित घडतं. पायोजेनिक ग्रॅन्युलोमा तळाशी राहिला तर येतो. एंजिओलिम्फॉइड हायपरप्लेझिया आणि किमुरा हे परत येण्यासाठी ओळखले जातात, त्यांना अनेक वर्षं तपासणीला यावं लागतं.

खर्च झेपेल का?

रुग्णालयानुसार फार फरक पडतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा आणि तुमचं नेमकं ऑपरेशन यादीत आहे का ते आधी विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात ही ऑपरेशनं होतात.

दुसरं मत घ्यायचं आहे. काय घेऊन जाऊ?

छापलेला रिपोर्ट पुरत नाही. स्कॅनची सीडी किंवा लिंक घ्या, कारण दुसऱ्या डॉक्टरांना चित्रं स्वतः पाहायची असतात. ऑडिओमेट्रीचा आलेख, चालू औषधांची यादी, आणि गाठीचा काही भाग आधी काढला असेल तर त्या पॅथॉलॉजी लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लेखी अर्ज करून मागा. लॅब तो देते. दुर्मिळ गाठीत दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने त्याच ब्लॉकवर आणखी तपासण्या केल्यावर निदान बदलू शकतं, आणि निदान बदललं की ऑपरेशनही बदलतं.